पहिलं पाणी

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

सात दिवस झाले केस धुतले नाहीत. सात! मी — भानुमती, बिडकीनच्या आप्पासाहेबांची एकुलती एक लेक, जिच्या बाथरूममध्ये दोन-दोन शॉवर — डोक्याला रुमाल बांधून बसलेय. का? तर इथं नळ आठव्या दिवशी येतो आणि तोवर हौदातलं पाणी ‘पुरवायचं’ असतं. साखर पुरवतात, पगार पुरवतात, पण पाणी? आमच्याकडे बोअर सुरू केला की बंद करायची आठवण गड्याला करावी लागायची.

श्री म्हणतो, “सांगितलं होतं ना तुला, जुन्या शहरात, गुलमंडीच्या मागं राहतो म्हणून?” सांगितलं होतं. पण तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, नळाकडे नाही.

लग्नात आप्पांनी उल्कानगरीतल्या फ्लॅटची किल्ली हातावर ठेवली. चोवीस तास पाणी. श्रीनं हात जोडले. आईला सोडून येणार नाही म्हणाला. आणि आई काही हे घर आणि त्यांचे जेवणाचे डबे सोडून यायच्या नाहीत. आप्पांचा चेहरा एवढासा झाला. ते अजून या घराची पायरी चढलेले नाहीत. तेव्हाच म्हणाले, “पाडव्याला न्यायला येतो. तवर बघ ऱ्हाऊन. नाय जमलं तर फ्लॅट हाय, आन् बाप हाय.”

जमेल! — असं मी ठसक्यात म्हणाले. लग्नाला तेरा दिवस झालेत आणि आताच बॅग बघतेय.

११ फेब्रुवारी

पाणी आलं म्हणे पहाटे. मी झोपले होते.

१२ फेब्रुवारी

श्रीनं गच्चीवर माझे केस धुऊन दिले. एका बादलीत! तांब्या-तांब्यानं, मानेवर हात धरून. शाम्पू डोळ्यांत गेला तेव्हा मी किंचाळले तर म्हणाला, “हळू, समोरच्या काकूंना वाटेल मारतोय तुला.” उरलेलं पाणी तुळशीला. एका बादलीत केस निघतात हे कळलं. त्याचे हात किती हळुवार आहेत, हेही.

चिडायचं ठरवून वर गेले होते. राहूनच गेलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज उठले! पावणेपाचला समोरच्या वच्छलाबाईंची हाक — “आलंऽऽ!” आणि सगळी गल्ली खडबडून जागी. दारोदारी पाइप, निळे ड्रम, घागरी. इकडे वरणाचा कुकर तर तिकडे मोटर. आई (सासूबाई. उमा त्यांचं नाव, माणूस एकदम मऊ) पदर खोचून अशा धावत होत्या की मी नुसती व्हिडिओ काढत राहिले. अकरा डबे जातात त्यांचे, बहुतेक बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलींचे. सगळं या हौदावर.

मी पाइप धरू का विचारलं. धरला. अंगावर उडालं. आई हसल्या. मग मी व्हिडिओ मैत्रिणींना पाठवला — ‘माझा नवा पिकनिक स्पॉट.’ आत्ता लिहिताना तो शब्द जरा टोचतोय.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

देवा.

आई सकाळीच हर्सूलला भाच्याकडे बारशाला गेल्या. डबे आधीच करून पाठवलेले. श्री कंपनीत — म्हणजे आमच्याच जुन्या वावरात! आप्पांचा कापूस होता तिथं आता त्याची कंपनी उभी आहे, तिथंच तर भेटलो आम्ही. असो. जाताना आई दारातून म्हणाल्या, “तीनला येईल. पहिलं पाणी सोडून दे गं, मग हौद भर.” अजूनही काहीतरी म्हणाल्या. मी फोनवर होते. मान डोलावली.

पहिलं पाणी म्हणजे आधीचं, हौदातलं, शिळं — हेच ना? मला तर हेच वाटलं! अडीचला मोटर लावली, पाइप गटारीत सोडला, निम्मा हौद होता तो पार कोरडा केला. वर आत उतरून खराट्यानं घासला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी घासलं! गल्लीही धुऊन निघाली. वच्छलाबाई ओट्यावरून बघत होत्या. “अगं माय, काय करू लागलीस?” मी म्हटलं, हौद धुतेय काकू! अशा थाटात, जणू मेडल मिळणारेय.

तीन वाजले. चार. पाच वाजले तरी कुणाची हाक नाही. मग कळलं, कुठंतरी मोठी लाइन फुटलीय, आता तीन दिवसांनीच.

पहिलं पाणी म्हणजे नळाला पहिला अर्धा तास येतं ते. गढूळ. तेवढं वाहू द्यायचं. बस. तेवढंच म्हणायचं होतं त्यांना.

२८ फेब्रुवारी

आई काल आल्या, हौदात वाकून बघितलं आणि तशाच वाकून राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच ओरडले! “तुम्हीच म्हणालात पहिलं पाणी सोड! मला काय माहीत तुमच्या इथल्या तऱ्हा?” रडलेही वरून. मला जे येतं ते सगळं केलं.

श्री आल्यावर आईच त्याला म्हणाल्या, “माझंच चुकलं रे. मी नीट सांगितलं नाही तिला.”

मी गप्प बसले. आणि आता ही वही मिटण्याआधी खरं लिहून टाकते, इथं तरी. ‘अजूनही काहीतरी’ म्हणजे काय ते मला आठवतंय. “गढूळ असतं ते,” असं म्हणाल्या होत्या. कानावर आलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

२९ फेब्रुवारी

डबे कालपासून बंद. आईंनी अकराही जणींना फोन केला. “दोन दिवस बाहेर खाऊन घ्या गं पोरींनो, माझी जरा अडचण आहे.” माझी! एकीची परीक्षा होती, तिला तरी वच्छलाबाईंनी दिलेल्या घागरीतून खिचडी करून पाठवली. मी घागर उचलायला गेले, तर आई —

“राहू दे, भानू.”

१ मार्च

पाणी आलं. मी पळत गेले. पाइपला हात लावला तर — “राहू दे.” अगदी गोड आवाजात. खोलीत येऊन बसले.

१० मार्च, रविवार

कालचं पाणीही माझ्याशिवाय भरलं गेलं. पोळ्या लाटू? राहू दे. डबे भरू? राहू दे गं.

हे दोन शब्द ऐकतच मी मोठी झाले. माझी आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची. तापानं गेली म्हणे. मग आत्या, काकू, गडी, सगळे एकच — राहू दे बाईसाब, आम्ही करतो की. मला वाटायचं, लाड म्हणजे हेच. आज पहिल्यांदा कळलं की ‘राहू दे’ म्हणजे ‘तुझ्यावर सोपवण्यासारखं काही नाही’ असंही असतं. आणि इथं आई तरी दुसरं काय म्हणणार? माझ्यावर सोपवलेलं मी कुठं वाहून घालवलं ते गल्लीनं बघितलंय.

चिडून बॅगेतली फ्लॅटची किल्ली काढली आणि उल्कानगरीत गेले. फ्लॅट छान आहे. खूपच. शॉवर सोडला — काय धार! मनसोक्त नाहायला आले होते, आणि केलं काय? इकडे तिकडे बादली शोधायला लागले. वाहणारं बघवेना! शॉवर बंद केला आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून रडले. मला नाहायचं नव्हतं. मला घरी जायचं होतं. आणि ‘घर’ म्हटल्यावर डोळ्यांपुढं बिडकीन नाही आलं.

संध्याकाळी घरी परतले तर आई आणि श्री चहाला बसले होते. उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर धीर झाला नसता. “आई, तुम्ही नीटच सांगितलं होतं. गढूळ असतं तेही सांगितलं होतं. मी फोनवर होते. माझं चुकलं. आणि वर तुमच्यावर ओरडले, तेही चुकलं.”

श्रीनं कप खाली ठेवला. आईंनी आधी आपला चहा संपवला. मग — “चुकलंच. माझ्या पोरी दोन दिवस वडापाववर राहिल्या.” आणि थोड्या वेळानं, “गल्ली मात्र काय लख्ख धुतलीस गं! दिवाळीलासुद्धा एवढी नसते.”

आम्ही तिघं हसत सुटलो. मी हसता हसता रडले. ते मला येतंच.

१७ मार्च

पहाटे कुणीतरी पायाचा अंगठा हलवला. “भानू, उठतेस का? आलंय.”

उठते का! चपला उलट्या घालून धावले. पहिलं पाणी जाऊ दिलं, ओंजळीत धरून धरून बघत. नितळ झालं तेव्हा मीच ओरडले, “आई, झालं!” आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग हौद, शेवटी ड्रम. क्रम असतो त्याला. घागर कमरेवर कशी टेकवायची ते आईंनी दाखवलं. खांद्यानं उचलायची नाही, कमरेनं पेलायची. तीनदा सांडली. चौथ्यांदा नाही.

२५ मार्च, धुळवड

आमच्या गल्लीत धुळवडीला कुणी पाण्याला हात लावत नाही. आज तर पाण्याचा दिवसही होता. सगळं भरत आल्यावर श्री मागून आला आणि चिमूटभर गुलाल कपाळाला लावला. नुसता कोरडा. “झाली तुझी धुळवड!” म्हणाला. मी दोन्ही हातांत घागरी धरलेल्या, त्याला रंगही लावता येईना. मग कपाळच घासलं त्याच्या गालावर. वच्छलाबाई खोकल्या.

बिडकीनला टँकर लावून रंग खेळायचे आम्ही. एवढी रंगले नव्हते कधी.

२ एप्रिल

आज सगळं पाणी मी भरलं. आई डब्यांचं बघत होत्या, एकदाही डोकावल्या नाहीत. हात भरून आलेत, पेन धरवत नाही.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभी केली. पुरणाचा घाट. अकराला आप्पांची गाडी गल्लीच्या तोंडाशी — आत येतच नाही ती. आप्पा दारापर्यंत चालत आले, पण पायरीशी थांबले. “चल बाई. आवर. सणाचं जेवण घरी.”

मी तोंड उघडणार, तोच वच्छलाबाई — “आलंऽऽ!” सणाचं म्हणून एक दिवस आधीच! आई पुरणात, श्री पेढे आणायला गेलेला. मी नव्या साडीचा पदर खोचला. “आता नाय आप्पा, पाणी आलंय! तुम्ही बसा ना आत.” आणि पळाले. खरंच, पुढं अर्धा तास आप्पा आहेत हे विसरलेच मी.

भरून घागर कमरेवर घेऊन वळले तर ते पायरी चढून आत उभे. टोपी हातात. नुसते बघत. मला वाटलं, आता रागावणार. “राहू दे बाई,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “आप्पा, मला येतं. बघा, सांडत नाय.” त्यांनी मान फिरवली. आईंनी ताट वाढलं, तर चार घास खाल्ले आणि गेले. किल्लीचं, न्यायचं — काहीच बोलले नाहीत. दुखावले का? श्री म्हणतो, फोन कर. उद्या करते.

१० एप्रिल

मी करायच्या आधी त्यांचाच फोन आला.

“तुझी माय तापानं नाय गेली, भानू. तव्हा दुष्काळ व्हता, हिरीवरनं पाणी आणताना पायरीवरनं घसरली. पोटुशी व्हती. म्या घरीच व्हतो, पर पाणी आणणं बाईचं काम म्हणून उठलो नाय. म्हणून तुला कधी घागर धरू दिली नाय.”

मी फोन घेऊन हौदाच्या काठावर बसले. मग आप्पाच म्हणाले —

“आता तुमचं पाणी कोन्या दिवशी हाय? सांग. म्या येतो भरू लागायला.”