दोन स्थळं आणि एक नळ

२९ जानेवारी १९६७, रविवार

दोन स्थळं आली! एकाच आठवड्यात! एक पालघरचं, एक बोईसरचं.

दुपारभर ओटीवर बैठक. तात्या माझे वडील खरे, पण या घरात चालतं त्यांच्या थोरल्या बहिणीचं – राहीआत्याचं. आत्याला दोन गोष्टींचा भारी गर्व. केस गुडघ्यापर्यंत, आणि या वयात सुपारी दातानं फोडते. माई, माझी आई, नेहमीसारखी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिला कोणी विचारलं नाही. मलाही नाही.

तात्या म्हणतात, “बोईसर वाढनार आक्का! तारापूरला अणुवीजघराचं केवढं काम चाललंय. क्वार्टर हाय, दिवे हायत, घरात नळ हाय!”

आत्या : “पालघरला कोर्ट हाय. हायस्कूल हाय.”

“कोर्टात पोरीचं काय काम?”

दोन तास झाले, मुलांचं नावसुद्धा नाही. मुलगी द्यायची आहे की दुकान टाकायचं आहे? ‘स्थळ’ म्हटलं की ही माणसं खरोखरच जागा बघतात!

३० जानेवारी

वही आता तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी. तात्या किंवा आत्या स्वयंपाकघरातल्या डब्याला जन्मात हात लावायचे नाहीत. तेव्हा बिनधास्त लिहिते.

पालघरच्या स्थळाला मी ओळखते!! कमलाकांत. वकिलाकडे कारकून आहे. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख चुकली होती, म्हणून दिवाळीनंतर प्रतिज्ञापत्र करायला गेले होते. त्यानं स्टँपपेपरवर माझं नाव लिहिलं – पुष्पलाथ. मी म्हटलं, लाथ नाही, लता. तो कानापर्यंत लाल. दुसऱ्या खेपेला लिहिलं – पुष्पलात. तिसऱ्या खेपेला बरोबर लिहिलं आणि तोंड पाडून म्हणाला, “आता तुम्ही परत यायच्या नाहीत.”

मला तो हवा आहे. लिहून टाकलं. आता कानाला गरम लागतंय.

५ फेब्रुवारी, रविवार

बोईसर बघून आलो. आमच्या एडवणहून सफाळ्याला, तिथून गाडी. स्टेशनाबाहेर ट्रकच ट्रक, धूळच धूळ. चहावाला हिंदीत ओरडतो, टांगेवाला हिंदीत भांडतो. आत्या त्याला म्हणाली, “हमकू नळवाले घर जाने का हाय.” बरोबर पोचलो!

मुलगा नरहरी. स्टोअरकीपर. सव्विसाव्या वर्षी टाळू दिसायला लागली आहे, पण माणूस भला. आम्हाला दाखवायला त्यानं नळ तीनदा सोडला, तीनदा बंद केला. आत्यानं हात धुतले, पाय धुतले, परत हात धुतले. घरी निघताना मागे वळून बघत होती – नरहरीकडे नाही, नळाकडे.

माझं काही खरं नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

पालघर. सगळी फजिती! कमलाकांतची खोली एवढीशी. चहाला धुराचा वास. तात्यांनी हवापाण्याचं विचारलं तर हा म्हणतो, “पाणी मागच्या विहिरीवर आहे.” आत्याचा चेहरा तिथेच उतरला. “नळ नाय?” “नाही.” झालं, पुढे तो नुसता रिकामे कप पुसत बसला.

मी पाणी आणायच्या निमित्तानं मागे गेले. पडवीत घरमालकीण पडून होती, पंचाहत्तरीची. तोंडात एकही दात नाही, पण हसते काय छान! आत्या-तात्यांनी तिला बघितलंच नाही. मला हळूच म्हणाली, “सकाळपासून चार वेळा खोली झाडली गो त्यानं.”

परत येताना गाडीत आत्यानं निकाल दिला. बोईसर.

१३ फेब्रुवारी

थाप मारली. मोठी.

आत्याच्या केसांना तेल लावत होते. म्हटलं, “आत्या, नरहरीची टाळू बघितलीस? दोन वर्षांपूर्वी झुलपं होती म्हणे. बोईसरचं पाणी! सगळ्यांचेच जातात तिकडे.”

आत्यानं वेणी छातीशी धरली. “सगल्यांचे?”

“बायकांचे आधी.”

१९ फेब्रुवारी

थाप गावभर! आत्यानं मासळीवाल्या जयवंतीला सांगितली, जयवंतीनं केळव्याच्या बाजारात. आज तीच जयवंती बोंबील घेऊन दारात आली आणि मलाच सांगते, “बोईसरात कावल्यांना पन पिसां नाय गो बाय!”

मी फडक्यात तोंड खुपसून हसले. माई तांदूळ धूत होती. तिचं लक्ष नव्हतं.

२६ फेब्रुवारी

बोईसरला नकार गेला. पालघर पक्कं! तात्यांनी नळासाठी दोन दिवस सुतक धरलं. धरू दे.

नरहरीचं मात्र वाईट वाटतं. तीनदा नळ सोडला होता बिचाऱ्यानं.

१६ मार्च

मेले.

कमलाकांतचं तात्यांना पत्र. त्यानं वकिलाकडची नोकरी सोडली. तारापूरच्या कामावर हिशेबनीस म्हणून लागला. “आपल्या आत्याबाईंना नळ नसल्याचं वाईट वाटलेलं दिसलं. म्हणून खटपट केली. क्वार्टर मिळालं आहे, बोईसरला. घरात नळ आहे.”

आनंदानं लिहिलंय हो! अक्षर नाचतंय नुसतं!

आत्या उठून उभी राहिली. “मोडा.” तात्या म्हणाले, “आक्का, सुपारी फुटली हाय—” “मोडा म्हनते ना! पालघरला परत येत असंल तर बोला. पोरीचं मुंडन करून घ्यायचंय काय तुला?” आक्काचा शब्द तात्यांनी कधी मोडलेला नाही.

नळासाठी नोकरी सोडली त्यानं. आणि मी त्याच नळाची बदनामी करून बसले. रडू आवरत नाही.

१७ मार्च

आत्यापुढे कबूल केलं. सगळं. पाय धरले. थाप होती म्हटलं, केसबिस काही जात नाहीत.

तिनं जवळ घेतलं, डोळे पुसले! म्हणाली, “येडी पोर. त्याच्यापायी केसांवर पानी सोडाया निघाली. आता खोटं पन बोलाया लागली.”

जन्मात एकदा खरं बोलले, तर ही गत! उद्या तात्या नकाराचं पत्र लिहिणार.

१८ मार्च

पत्र लिहिलं गेलं नाही. शाई संपली म्हणे. दौत परवा तर भरलेली होती!

२० मार्च

अजब! जयवंती सकाळी सुकट घेऊन आली ती धापा टाकतच. “राहीबाय, पोरीला पालघरात देव नोको! तिकडल्या विहिरीच्या पान्यानं दात परतान, पार गलून जातान! त्या कमलाकांतची घरमालकीन हाय ना, तिच्या तोंडात एक दात नाय!”

आत्याचा हात तोंडावर गेला. मला म्हणाली, “तू मागं गेलतीस. खरं?”

“अगदी खरं, आत्या. एक दात नाही.” वय तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पण घरमालकिणीला माझ्याशिवाय बघितलं कुणी? जयवंतीला विचारलं, कुणी सांगितलं? म्हणते, “बाजारात आयकलं.” आणि डोक्यावर पाटी घेऊन पळाली.

२२ मार्च

आत्या दोन दिवस सुपारीला शिवली नाही. आज ओटीवर निकाल :

“केस गेलं तर पदर घेता येतो. दात गेलं तर काय घेशील? पोरीला बोईसरलाच दे. न्हायला एडवणला येईल.”

तात्यांनी मान डोलावली. मी आत पळाले आणि माईला मिठी मारली. माई म्हणाली, “सोड, भात करपतो.”

२१ मे, रविवार. बोईसर

लग्नाला बारा दिवस झाले. धूळ आहे, ट्रक आहेत, शेजारीण पंजाबी आहे आणि मी ‘हमकू तुमकू’ शिकले. पालघरसारखं निवांत नाही, पण रोज काहीतरी नवं उभं राहतं. तरी बाजाराला पालघरच बरं – हे तात्यांना सांगायचं नाही. नळ सकाळी तासभर येतो. केस शाबूत.

समोरच्या क्वार्टरमध्ये नरहरी! टोपी घालूनच नमस्कार करतो. माझ्या मावसबहिणीचं, शकूचं स्थळ सुचवलंय त्याला. तेवढं तरी मी त्याचं देणं लागते.

‘पुष्पलात’ मुद्दाम होतं. काल कबूल केलं त्यानं.

२८ मे

माई दोन दिवस राहून गेली. निघताना एवढंच बोलली :

“थाप मारावी तर दातांची. केस काय, परत येतात.” गाडीची घंटा झाली तशी पुन्हा म्हणाली, “आनि वही तांदळात ठेवू नको गो. भात काय तात्या रांधत होते?”