चादर बदलायला कुणी शिकवलं

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. ड्यूटीवर जाताना एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आता वाट चुकत नाही. जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या घेतात ना?

एक सांगायचं राहून जातंय. सोमवारी मांडीचं हाड मोडलेल्या एका आजोबांच्या अंगाखालची चादर बदलली. तू बाबांना खाटेवर निजवून मला शिकवलं होतंस, तश्शीच. आजोबा कण्हलेसुद्धा नाहीत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हात हलका आहे गं तुझा! कुणी शिकवलं?" सगळ्याजणी ऐकत होत्या. मी म्हणाले, "कॉलेजात."

तू दवाखान्यात आया आहेस, हे तोंडून निघालंच नाही.

दोन दिवस घास गोड लागेना. काल सिस्टरांना गाठून खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग त्या दिवशी आईला का लपवलंस?"

आई, तू विचारलंस तर तुलाही काय सांगू, ते कळत नाही. हवं तेवढं रागाव, पण दोन ओळी लिही.

तुझीच,
धाकटी