वास्तुशांतीचं पातेलं

बुलढाणा

श्री. माणिकराव व्याही, दुसरबीड, यांस अर्जुनरावाचा कमरेतून वाकून नमस्कार.

सिंधूताईंचे गुडघे आता बरे असतील. अर्पिता आपल्या घरात सुखात आहेच (या पत्रानंतरही असावी, एवढीच प्रार्थना). इकडे सर्व खुशाल. फक्त मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

शंकररावांचा (आपले मामेभाऊ, त्या दिवशी नेमके माझ्या शेजारच्या खुर्चीत) फोन आला असेलच. तरी माझ्याकडूनही ऐका. गावाबाहेर कचऱ्याच्या ढिगापाशी पालं ठोकून राहणाऱ्या बेघर लोकांवर इथे एक सिनेमा निघाला. सिनेमावाल्यांना जुनी भांडी हवी होती. देणाऱ्याचे पडद्यावर आभार मानू म्हणाले, तिथेच माझी मती फिरली. आमच्या वास्तुशांतीला आपण आहेरात दिलेलं मोठं पातेलं माळ्यावर कोरं पडलं होतं, तेच काढलं. दिग्दर्शक म्हणाला, फार चकचकीत आहे. मग मी स्वतः अंगणात बसून वरवंट्याने त्याला पोचे पाडले. (अन्नपूर्णाबाई आतून ओरडली, "अहो, काऊन ठोकून राह्यले ते?" मी म्हटलं, कलेसाठी.)

परवा इथल्या हॉलमध्ये तो दाखवला. सिनेमा असा, की त्यात माणसं कचऱ्यावर होडी वल्हवतात आणि कुत्री त्यांची हजेरी घेतात. शेवटी एक म्हातारी आभाळातला चंद्र उतरवून पातेल्यात शिजायला टाकते. चंद्र काही शिजत नाही. पातेलंच वर जातं, गरगर फिरतं, पडदाभर होतं. आणि मग नावाची बाजू समोर आली. 'वास्तुशांतीनिमित्त माणिकराव, दुसरबीड यांजकडून सप्रेम भेट.' एकेक अक्षर म्हशीएवढं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक प्राध्यापक उठून म्हणाले, या एका ओळीत दिग्दर्शकाने समाजाच्या कानाखाली वाजवली. शंकरराव माझ्याकडे बघत होते. मी चप्पल शोधायला म्हणून खुर्चीखाली गेलो, तो हॉल रिकामा होईपर्यंत वर आलो नाही.

दुसऱ्या दिवशी पातेलं परत आणायला गेलो. सिनेमावाले ते त्या म्हातारीकडेच ठेवून गेले होते. (ती खरीच तिथे राहते, जनकाबाई नाव.) त्यात चार पालांची खिचडी शिजत होती. मी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "दादा, ह्याच्यावर काय लिव्हलं हाय? वाचून दाखवा ना." मी वाचलं. वास्तुशांती हा शब्द तेवढा गिळला. ती म्हणाली, "मंग त्याइले सांगजा, भेट पोचली म्हणा." आणि माझ्यापुढे खिचडी वाढली. मी खाल्ली. एवढी लाज मला त्या हॉलमध्येही वाटली नव्हती.

तर व्याहीबुवा, भेट पोचली. रागवायचं तर माझ्यावर रागवा, लेकीवर नको.

आपला,
अर्जुनराव

ता. क. – आभारांत माझं नाव आलंच नाही. आपलं तेवढं आलं.

आणखी एक – पातेल्याचं झाकण आमच्याकडेच राहिलंय. त्याला एकही पोचा नाही. ते पिशवीत घालून मी दोनदा निघालो आणि पालं दिसताच माघारी फिरलो. आपण रविवारी याच. म्हातारीला सांगू, हे माणिकराव. मी आपल्या मागे उभा राहीन, झाकण धरून.