उलटं वाचणारं मशीन

चिरंजीव धाकटे मेहुणे यांस, तुझ्या भाऊजींचे पलंगावरून, बसल्याबसल्या आशीर्वाद. (उभं राहून द्यायलाही हरकत नव्हती, पण सिस्टर रागावतात.) तुझी प्रकृती, तुझ्या मंडळींची कंबर आणि थोरलीची परीक्षा कशी काय, ते सविस्तर कळव. इकडे मी पुन्हा हॉस्पिटलात आहे. घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, आणि सगळा गोंधळ नेमका तिथेच आहे. लिहून झालं की सिस्टर या पत्राचा फोटो काढून तुझ्या फोनवर धाडणार आहेत. पत्र पेटीत टाकायचं आणि पोचलं असेल का, असेल का, म्हणत दिवस काढायचे, ती गोडी गेली बघ. पण ते राहू दे, नाहीतर मूळ मुद्दाच राहील.

मूळ मुद्दा असा. साथीच्या तापातून उठून मी घरी आलो हे तुला ठाऊकच आहे. निघताना डॉक्टरांनी ते बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिजन मोजायचं मशीन दिलं आणि बजावलं, की सकाळ-संध्याकाळ आकडा बघा, नव्वदच्या खाली गेला तर विचार करत बसू नका, तडक परत या. असे परत येणारे इथे बरेच असतात. कोणाला धाप लागते, कोणाचा ताप उलटतो. खिडकीकडचे पलंग त्यांच्यासाठीच राखलेत, आणि सिस्टर आम्हाला माहेरवाशिणी म्हणतात.

माझा काही मशीनवर विश्वास नव्हता. श्वास मोजायची माझी स्वतःची पद्धत आहे, ती म्हणजे वृत्तं. शाळेत आमचे मास्तर शार्दूलविक्रीडिताचा अख्खा चरण एका दमात म्हणून घ्यायचे. मध्ये श्वास घेतला की पाठीत धपाटा. (काय ते दिवस! फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा, खिडकीतून तिरपं ऊन, खडूची धूळ त्यात तरंगतेय आणि सगळा वर्ग एका सुरात... असो.) तापात मला साधा अनुष्टुभही झेपत नव्हता. घरी आल्यावर एकेक वृत्त चढत गेलो आणि एका सकाळी शार्दूलविक्रीडित न थांबता पार पडलं. त्या आनंदात पुढची ओळ विसरलो. आता मी ओळ विसरलो की तुझी अक्का ती स्वयंपाकघरातून पुरवते, हा लग्नापासूनचा शिरस्ता. त्या दिवशी ओळ आली नाही. मला वाटलं, रुसली. का रुसली असावी याची कारणं आठवत बसलो, तर बरीच निघाली.

मग ती मशीन घेऊन आली. चालतंय की नाही हे बघायला ती आधी स्वतःच्या बोटाला लावते (माझा चहा आधी स्वतः चाखून बघते, तसंच). तिच्या बोटावर अठ्ठ्याऐंशी, माझ्या बोटावर सत्त्याण्णव. आम्ही बोटं बदलली, हात बदलले, मशीनवर फुंकरही मारून पाहिली. मशीन आपल्या म्हणण्यावर ठाम. तेव्हा अक्कानं ओट्याला टेकून, थांबत थांबत, निकाल दिला : "आजारी कोण? तुम्ही. धडधाकट कोण... मी. म्हणजे हे मेलं... उलटं वाचतंय. कपडे करा."

आत्ता तुला वाचताना हसू येत असेल. मला त्या वेळी त्यात एकही भोक दिसलं नाही. तिच्या म्हणण्यात मला आजवर कधीच दिसलेलं नाही, त्यामुळे शोधायची सवयही नाही. जिना उतरताना ती प्रत्येक वळणावर पायरीवर बसत होती. "तुम्हाला दम लागेल म्हणून थांबतेय," म्हणायची. मीही समजूतदारपणे तिच्या शेजारी बसत होतो.

हॉस्पिटलच्या दारात तिनं अठ्ठ्याऐंशी एवढंच सांगितलं. तो आकडा ऐकून लोक असे धावले की मला तोंड उघडायला फुरसत मिळाली नाही. चाकाच्या खुर्चीत घातलं, नाकाला नळी लावली, छातीचा फोटो काढला. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, म्हणून तिला दारातूनच घरी पाठवलं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. नातीच्या वयाच्या आहेत. कागद बघतात, माझ्याकडे बघतात, परत कागद बघतात. शेवटी म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही परत का आलात हो?" मी सगळं सांगितलं, वृत्तांसकट. शार्दूलविक्रीडितापाशी त्यांना जांभई आली, पण अक्का ओट्याला टेकून, थांबत थांबत बोलली, असं म्हटल्याबरोबर ती जांभई अर्ध्यावरच थांबली. "ते अठ्ठ्याऐंशीवालं बोट कुठे आहे?" घरी, म्हटलं. या आजारात कधीकधी ताप नाही, खोकला नाही, अन् आतल्या आत ऑक्सिजन उतरत जातो, असं त्यांनी समजावलं. मला उलगडेना. म्हणजे मी बरा? मग मला नळी का? मशीन सरळ वाचत असेल, तर आजारी कोण? आणि एकदम ती न आलेली ओळ आठवली. रुसली नव्हती रे ती. तिला तेवढ्या ओळीपुरता श्वास नव्हता.

लगेच फोन लावला. "मला काय धाड भरलीय? गप पडून राहा," एवढं वाक्य तीन तुकड्यांत म्हणून तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला, तर मशीनसारखं तुमचं डोकंही बिघडलंय, असं कळवण्यात आलं.

बाकी सर्व क्षेम. इथे ऊन छान येतं.

तुझा, धडधाकट असल्याबद्दल दिलगीर,
भाऊजी

ता. क. : सांगायचं तेच राहिलं. तू इकडे येऊ नकोस. आधी घरी जा आणि अक्काला घेऊन ये. "दाखवायला चल" म्हणालास तर ती तुलाच चहा पाजून वाटेला लावेल. "भाऊजी बिघडलेत" म्हण. स्वतःसाठी ती जिना उतरायची नाही, माझ्यासाठी उतरेल. वळणावळणावर बसू दे. पण घाई कर.

आणखी ता. क. : घरी जाऊ नकोस. सिस्टरांना पत्राचा फोटो काढायला वेळ झाला नाही, वाचायला मात्र झाला. त्यांनी परस्पर अक्काला फोन केला, की तुमचे हे औषधं थुंकतात, आमच्यानं आवरत नाहीत, या. अक्का गाडी करून आली, वॉर्डाच्या दारातूनच माझ्यावर सुरू झाली आणि अर्ध्या वाक्यात थांबली. तेवढ्यात सिस्टरांनी तिच्या बोटाला चिमटा लावला. आता ती माझ्याच पलंगावर आहे. ऑक्सिजन लावलाय, आकडा वर सरकतोय. "वेळेवर आणलंत," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मी मान डोलावली.

शेवटचा ता. क. : मला घरी सोडलं. म्हणजे आता मी पेशंट नाही, नातेवाईक आहे, आणि नातेवाइकांना आत सोडत नाहीत. घरी जाऊन दूध तापवा, असा अक्काचा निरोप आला. मी गेलेलो नाही. दाराबाहेरच्या बाकावर आहे. तू बोलण्यात पटाईत. लगेच ये आणि डॉक्टरीणबाईंना पटव, की त्या सत्त्याण्णववर जाऊ नका, छातीच्या फोटोवरही जाऊ नका, आमचे भाऊजी आतून पार ढासळलेत, त्यांना शेजारचा पलंग द्या. खोकलाही आहे म्हणून सांग. तू येईपर्यंत मी खोकायची तालीम करतोय. आत्ताच दारावरच्या पहारेकऱ्यानं पाणी आणून दिलं, म्हणजे जमायला लागलंय.