फरहीनचा प्रबंध आणि माझं मार्गदर्शन

१ जानेवारी, सकाळी ६.१०
यंदा संकल्प एकच. फरहीनची पीएच.डी. पूर्ण करून घेणे. तिची मुदत ३० मेला संपते. विद्यापीठाने एकदा वाढवून दिली, आता देणार नाही. म्हणजे तोवर प्रबंध गेला नाही तर तिची सहा वर्षं पाण्यात. माझीही. आजवर माझ्याकडे चार जण नोंदले गेले, एकाचंही झालं नाही. (त्यातला करण आता विमा विकतो. चिकाटी माझ्याकडेच शिकला.) पुढच्या वर्षी मी रिटायर. तेव्हा फरहीन ही शेवटची.

ती घोडेगावला झेडपीच्या शाळेत शिकवते. विषय: मोबाईलवरच्या धड्यांनी चौथीच्या मुलांचं गणित सुधारतं का. शाळा सांभाळून, एसटीने नगरला ये-जा करून तिने पाच प्रकरणं लिहून ठेवलीत. मला फक्त वाचायची आहेत.

उद्यापासून रोज दहा पानं.

२ जानेवारी
वाचन नाही. आधी पद्धत ठरली पाहिजे. विषय तंत्रज्ञानाचा आणि गाईड मात्र लाल पेन घेऊन बसलेला, हे बरं दिसत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ‘मार्गदर्शन २.०’. सदस्य दोन. रोज सकाळी सहाला माझा व्हॉइस मेसेज जाणार.

९ जानेवारी
आठ मेसेज झाले. सर्वांत मोठा सतरा मिनिटांचा (‘जिद्द’). फरहीन प्रत्येकाखाली अंगठ्याचं चित्र टाकते. आज पहिल्यांदा लिहिलं, सर, तिसरं प्रकरण बघितलं का. त्यावर उद्या सविस्तर बोलेन, असं कळवलं. उद्यासाठी ‘संयम’ रेकॉर्ड करून ठेवला.

घरी हिला ऐकवला. ही म्हणाली, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. हिचं बी.एड. झालेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
मोठा दिवस. चौथं प्रकरण उघडलं! फरहीनने ते ऑनलाइन ठेवलंय, दोघांनाही त्यात लिहिता येतं. मला टायपिंग जमत नाही. पण एक बटण सापडलं. ते दाबून बोललं की मराठीत आपोआप उमटतं. तीन सूचना बोललो, तिन्ही अचूक उमटल्या. थक्क झालो. मग जरा सोफ्यावर डोळा लागला.

उठल्यावर फरहीनला कळवलं की चौथं प्रकरण मी स्वतः हाताळलंय, आता त्यातला एक शब्दही बदलायचा नाही.

२० जानेवारी
फरहीनचा फोन. सर, शेवटचा परिच्छेदही ठेवायचा का. मी म्हणालो, तोच तर गाभा आहे. तिने ‘बरं सर’ म्हणून लगेच फोन ठेवला. भारावली असावी.

३० जानेवारी
प्रगती सेमिनार. समितीपुढे फरहीनने काम मांडलं, चांगलं मांडलं. मग पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी चौथं प्रकरण काढून पान ११२ मोठ्याने वाचलं. सदर निष्कर्षांवरून असे दिसते की गवार जून आहे, पाव किलोच द्या, आणि यांना उठवू नका, घोरताहेत तोवर घरात शांतता आहे.

तज्ज्ञांनी विचारलं, ही मुलाखत कोणत्या शाळेतली. हॉल हसला. फरहीनने मान खाली घातली आणि म्हणाली, चूक माझी आहे सर. माझं नाव घेतलं नाही.

शेरा: लेखनात गांभीर्य नाही, सर्व प्रकरणे दुरुस्त करून मार्चमध्ये पुन्हा सादर करावीत. म्हणजे दोन महिने गेले.

संध्याकाळी तिला ‘प्रूफरीडिंगचे महत्त्व’ पाठवला. नऊ मिनिटं. बोलताना दोनदा थांबून नाक पुसावं लागलं. सर्दी असावी.

४ फेब्रुवारी
फरहीनचे वडील जैनुद्दीनभाई कॉलेजवर आले. घोडेगावच्या बाजारात त्यांचा जनावरांचा व्यापार. चहा नको म्हणाले. बसलेही नाहीत. म्हणाले, सायेब, पोरगी सा वर्सं झाली तुमच्याकं येती आन् तशीच माघारी जाती. आमी साधी शेळी घ्यायची म्हटलं तरी तिचे दात बघतो, तुमी एक पानबी उलटलं न्हाई.

संशोधनात घाई चालत नाही हे मी त्यांना उदाहरण देऊन समजावलं. ते निघून गेले तेव्हा उदाहरण चालूच होतं.

उद्यापासून रोज वीस पानं.

१७ फेब्रुवारी
फरहीन आली. सोबत संस्कृती मॅडम. आमच्याच विभागातल्या, वय चौतीस, कॉम्प्युटरचं सगळं येतं, अनुभव नाही. एका पत्राच्या तीन प्रतींवर माझी सही हवी होती. मी उद्याचा ‘समर्पण’ रेकॉर्ड करत होतो. फरहीन म्हणाली, सर, आधी वाचा. मी हातानेच थांब म्हटलं आणि सही केली. ती म्हणाली, सर, निदान ऐकून तरी घ्या. मी म्हणालो, विद्यार्थ्यावर विश्वास नाही तो गाईड कसला. तरी ती उभी राहून काहीतरी सांगतच होती. मेसेजमध्ये तिचा आवाज आला, म्हणून तो डिलीट करून नव्याने करावा लागला.

जाताना तिचे डोळे भरले होते. तीन सह्यांना दहा सेकंद. दुसरे गाईड एकेका सहीला महिना लावतात.

११ मार्च
फरहीन स्वावलंबी झाली. तीन आठवड्यांत एक प्रश्न नाही. अंगठाही नाही. उत्तम मार्गदर्शनाची हीच खूण.

हल्ली संस्कृती मॅडमच्या केबिनमध्ये दिसते. संख्याशास्त्र शिकत असावी. आज दारातून डोकावलो तर दोघी तिसऱ्या प्रकरणावरून वाद घालत होत्या. मॅडमनी पानन्‌पान खुणांनी भरून टाकलं होतं. विद्यार्थ्याच्या कामात एवढी लुडबुड बरी नाही. पण मी बोललो नाही. कुणाचा उत्साह मोडू नये.

२ एप्रिल
फरहीनने ईदचा शीरखुर्मा आणला. मला एक वाटी. संस्कृती मॅडमना मोठा डबा. माझ्या शुगरची किती काळजी करते पोरगी.

२५ एप्रिल
मार्चचा सेमिनार बिनबोभाट पार पडल्याचं आज कळलं. मला बोलावणं नव्हतं. गाईड समोर असला की विद्यार्थी दबतो, हे समितीला उशिरा का होईना पटलं.

३० मे
सकाळी दहापासून ऑफिसात. फरहीनच्या प्रबंधावर सही करायला नवं पेन घेतलं होतं. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. आली नाही. सात फोन केले. उचलला नाही. चारनंतर पेनचं टोपण काढत-लावत बसलो. मुदत आजची. हिच्या गवारीमुळे त्या पोरीची सहा वर्षं गेली, असं मनात आलं. मग आलं की गवारीमुळे नाही. आपण तिसरं प्रकरण वाचायला हवं होतं.

पाचला आमचे क्लार्क कारभारी कुलूप घेऊन आले. म्हणाले, सर, कुणाची वाट बघताय, फरहीन मॅडमचं पुस्तक तर मंगळवारीच गेलं की विद्यापीठात.

अंगात जीव आला. हल्ली गाईडच्या सहीशिवायच सगळं होतं म्हणायचं. तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय.

१४ नोव्हेंबर
बोर्डावर फरहीनच्या व्हायवाची नोटीस! २१ तारीख, सकाळी अकरा. तिचं नाव वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं, पुढच्या ओळी दिसल्याच नाहीत. भाषण लिहायला घेतलं. हिने कोट इस्त्रीला दिला. पुणतांब्याहून भावाला बोलावलं. घरातल्या कुणीतरी बघायला हवं.

२१ नोव्हेंबर, दुपारी ४
व्हायवा झाली.

गाईडच्या खुर्चीत संस्कृती मॅडम बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्या अवघडून हसल्या. कारभारींनी माझ्यासाठी खुर्ची आणली आणि ती भावाशेजारी, तिसऱ्या रांगेत ठेवली.

फरहीन चाळीस मिनिटं बोलली. तिने काय शोधलंय ते मला आज कळलं. मोबाईलवर धडे नुसते पाठवून मुलांचं गणित सुधारत नाही. मास्तर मुलाशेजारी बसला तरच सुधारतं. हे सविस्तर तिसऱ्या प्रकरणात आहे, असं ती म्हणाली.

मग निकाल. डॉ. फरहीन शेख. मार्गदर्शक, डॉ. संस्कृती मॅडम. मी भाषण काढून अर्धा उठलो होतो. भाऊ टाळ्या वाजवत होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थांबला.

कारभारींकडून फाईल मागून घेतली. गाईड बदलण्यास माझी हरकत नाही, असं पत्र. तारीख १७ फेब्रुवारी. तीन प्रती. सही माझीच. विद्यापीठाची मंजुरी मला ईमेलने आली होती म्हणतात. ईमेल मी उघडत नाही.

मग फेब्रुवारीपासून मी मार्गदर्शन कुणाला करत होतो, म्हणून ग्रुप उघडला. सदस्य एक. फरहीन १८ फेब्रुवारीलाच बाहेर पडली होती. जाताना लिहून गेली होती, सर, माफ करा. त्याखाली माझे पावणेतीनशे मेसेज.

बाहेर फरहीन उभी होती, जैनुद्दीनभाईंबरोबर. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, सर, तुमचे उपकार आहेत, बाकीचे गाईड सोडत नाहीत, वर्षानुवर्षं अडवून ठेवतात, तुम्ही त्या दिवशी लगेच सही दिली म्हणून माझं झालं. जैनुद्दीनभाईंनीही मान हलवली. ती मनापासून बोलत होती. टोमणा नव्हता. मी शोधून पाहिला.

फार वाईट वाटलं. सहा वर्षांत तिच्यासाठी वेळेवर केलेलं माझं हे एकच काम, आणि तेही मी न वाचता केलं.