स्वयंपाकघरातला सराव पाठ

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र मामाच्या हाती देतोय. विद्यापीठातला तुझा शेवटचा पाठ पार पडल्यावरच द्यायचं, असं त्याला बजावलं आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून पाकीट डिंकाने चिकटवलं. तर मला म्हणतो, "दाजी, मी काय चोर आहे?" चोर नाही, पण हळवा आहे. तुला बघून त्याचा चेहरा पडला आणि तू पाठ अर्धवट टाकलास तर? हे प्रशिक्षण पुरं झालं तरच शाळा तुला कायम करणार. आईने तुला निघताना दारातच बजावलं होतं ना, काही झालं तरी मधेच उठून यायचं नाही म्हणून.

आईला बरं नाही, एवढं मी तुला फोनवर सांगितलं आहे.

जगभरातल्या माणसांच्या चालीरीती मुलांना कशा शिकवायच्या, ते तुम्ही तिथे शिकता. तुमच्या प्राध्यापकबाईंनी सांगितलं होतं, प्रत्येक पाठ आधी घरी घ्या, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसासमोर. चौथीत शाळा सुटलेला बाप तुला आयताच मिळाला. सुट्टीला घरी आलीस की स्वयंपाकघरात तू ओट्याला टेकून उभी राहायचीस आणि आम्ही दोघं टेबलाशी विद्यार्थी. मी मधे मधे बोलायचो, आई मला कोपराने ढोसायची. पाठासाठी तू आणलेला पृथ्वीचा गोल तिने मांडीवरून खाली ठेवला नाही. म्हणाली, एवढ्याशा चेंडूवर एवढी माणसं, म्हणूनच धक्के लागतात एकमेकांना.

त्या बेटावरच्या लोकांचा पाठ तू घेतलास, तेव्हा मात्र मी गप्प बसलो होतो. तिथल्या डोंगरातल्या काही घरांत माणूस गेलं तरी गेलं म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. त्याला जेवण नेऊन ठेवतात, त्याच्याशी बोलतात, आणि लांबची सगळी माणसं आली की मगच निरोप देतात. आई खो खो हसली. "म्हणजे मेल्यावरही ह्यांची बडबड ऐकायची!" मग गोल फिरवत बसली आणि हळूच म्हणाली, "पण थांबतात, हे बरं करतात."

हल्ली माझं कशात लक्ष नाही. गॅस बंद केला का, ते उठून उठून बघतो. सकाळी चहा दोन कप होतो. दुसरा तिच्या उशाशी ठेवतो आणि गार झाला की ओतून देतो. शेजारच्या काकू दार वाजवतात, मी आतूनच सांगतो, झोपलीय. तुलाही तेच सांगितलं. तू म्हणालीस, "बाबा, फोन तिच्या कानाला तरी लावा." मी भिंतीला लावला. तू काय बोललीस, मला माहीत नाही.

मंगळवारी सकाळी चहा घेऊन गेलो, तेव्हा ती उठली नाही. डॉक्टर आले, हात धरून बघितला आणि मान हलवली. तिला दवाखान्यातल्या थंड खोलीत ठेवलं आहे. तिथला माणूस रोज विचारतो, आजोबा, कधी नेणार? मी म्हणतो, आजारी आहे, घरातली सगळी जमली की नेतो. तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतो. मामा तर ओरडलाच, "दाजी, पोरीला अंधारात ठेवून कसले रिवाज पाळताय?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या बेटावर घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणूनच ते थांबू शकतात. मी मात्र जिच्यासाठी थांबलो, तिलाच सांगितलं नाही. तुझा पाठ मी नेमका उलटा शिकलो. आल्यावर हवं तर कान धर, पण मामाबरोबर आजच नीघ. आपल्या घरातली सगळी म्हणजे तू एकटीच. तू आलीस की मी तो शब्द बोलेन. तोवर मला आजारीच म्हणू दे.

तुझाच, मागच्या बाकावरचा,
बाबा