सोनेरी टोकांची केबल

रविवार, मे अखेर

डोकं अजून तापलेलंच आहे. कुरवंड्याच्या बंगल्यात सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, मी बसवला तेव्हा तो झकास वाजत होता. उन्हाळा वाढला तशी त्यातून सारखी घूंघूं यायला लागली. मी बंगल्याच्या मालकांना, साहेबांना सांगितलं, विजेच्या अर्थिंगचा खड्डा सुकलाय, म्हणून ही घूंघूं; त्यात पाणी ओता. पण नाही! ते पुण्याहून बोटाएवढी जाड, सोनेरी टोकांची केबल घेऊन आले. माझी केबल म्हणे लोकल. अहो, दीड मीटरच्या तारेत सोनं काय दिवे लावणार?

आज ती सोनेरी टोकं जोडली. घूंघूं तशीच. साहेब फोनवर बोलत गच्चीवर गेले, तेव्हा बंगला सांभाळणाऱ्या हौसामावशी म्हणाल्या, "आरं, त्या खड्ड्याला लय दिस पाणीच न्हाई. वाईट दिसतंय म्हणून साहेबांनी वर फरशी टाकलीय नव्हं!" आम्ही दोघांनी फरशी सरकवली. मावशींनी दोन बादल्या ओतल्या. थोड्या वेळात घूंघूं बंद!

साहेब खाली आले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बघितलंस? याला म्हणतात केबल!" मी खड्ड्याचं सांगितलं तर नुसते हसले. मावशी रिकामी बादली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, "ओल्या पायांनी आत येऊ नका मावशी, केबल महागाची आहे."

आणि मी काय केलं? मावशींना आत येता यावं म्हणून वाकून केबल बाजूलासुद्धा घेतली नाही. खिशातलं फडकं काढून ती सोनेरी टोकं पुसत बसलो.